बंपरचा रंग

मावशीला सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल, तर धुऊन ओल्या ठेवलेल्या गाडीचा. गाडी विकायला काढायची, गिऱ्हाईक यायच्या दहा मिनिटं आधी तिच्यावर नळी सोडायची आणि मग दारात उभं राहून "आत्ताच धुतली हो, म्हटलं तुम्ही येताय" असं गोड तोंडाने सांगायचं. ओल्या पत्र्यावर ओरखडा दिसत नाही, पोचा दिसत नाही, रंगातला फरक तर देवालासुद्धा दिसायचा नाही. शनिवारी सकाळी पहिल्याच घरासमोर लाल गाडी अशी न्हाऊनमाखून उभी दिसली, तेव्हा मावशीने खांद्यावरची पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"वाळली की कळवा," तिने मालकाला सांगितलं आणि भाचीचा दंड धरून ती मागे फिरली.

"अगं मावशी, बघून तरी घ्यायची," रस्त्यावर आल्यावर भाची म्हणाली. "किती छान होती."

"छान म्हणजे काय होती?"

"रंग छान होता. आणि आत तो मोठा पडदा होता, गाण्यांचा."

"गाणी ऐकायला गाडी कशाला लागते? घरी खुर्चीत बसून ऐक."

भाचीने विषय सोडला. मावशीपुढे रंगाचं नाव काढायचं म्हणजे सोनारापुढे कान टोचायच्या गप्पा मारायच्या, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

मावशीने बत्तीस वर्षं एका गॅरेजात रंग मिसळले होते. ठोकलेल्या, आपटलेल्या गाड्या तिथे यायच्या. पत्रेवाले पत्रा सरळ करायचे आणि मग मावशी जुन्या रंगाशी नवा रंग असा जुळवायची, की कुठलं दार बदललं हे खुद्द गाडीच्या मालकाला सांगता येऊ नये. डब्यावरचे आकडे बघून रंग जुळत नाही, असं ती म्हणायची. गाडी पाच-सहा उन्हाळे खाऊन आलेली असते आणि डबा काल कारखान्यातून निघालेला असतो. त्यांचं आपसात कसं जमणार? तिथे नजर लागते. ती नजर मावशीकडे होती आणि आपल्याकडे आहे हे मावशीला चांगलंच ठाऊक होतं. सगळं गॅरेज तिला रंगमावशी म्हणायचं. चार वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दावा मांडला तेव्हा तिने काम सोडलं, पण रस्त्याने जाताना अजून ती उभ्या गाड्यांकडे डोळे बारीक करून बघायची आणि "दार बदललंय मेल्याने" असं पुटपुटायची.

भाची नर्स होती. सहा वर्षं रात्रपाळी करत होती आणि तिची चार वर्षांची छकुली रात्री शेजारणीकडे झोपत होती. आता कुठे तिला दिवसाची जागा मिळाली होती. शहराबाहेरच्या वस्त्यांमध्ये घरोघरी जायचं, अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं मलमपट्टी-औषधपाणी बघायचं आणि संध्याकाळी पाचला घरी. अट एकच, गाडी स्वतःची हवी, कारण तिकडे बस जात नाही. सोमवारी सकाळी गाडीसकट हजर व्हायचं. नाहीतर यादीतल्या पुढच्या बाईला बोलावणार, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. नवी गाडी झेपणारी नव्हती. एक जुनी हॅचबॅक मिळाली तरी काम भागणार होतं.

"गाडी मी बघून देते," मावशीने छातीठोकपणे सांगितलं होतं. "मला फसवणारा अजून जन्माला यायचाय."

दुसऱ्या घरी मावशीने नमस्कारसुद्धा न करता आधी बॉनेटवर पंजा ठेवला. बॉनेट तव्यासारखं तापलेलं. मालक म्हणाला, दूध आणायला गेलो होतो. दूध कोपऱ्यावरच्याच दुकानात मिळत होतं, ते मावशीने येताना पाहिलं होतं.

"थंड गाडी सुरू करताना तिचा खोकला ऐकू येतो," बाहेर पडल्यावर तिने भाचीला सांगितलं. "म्हणून हे लोक आधीच तापवून ठेवतात. लाज नाही, शरम नाही."

तिसरी गाडी चंदेरी होती. मावशीने पिशवीतून रुमालात बांधलेलं लोहचुंबक काढलं आणि दारांवरून फिरवलं. डावीकडे ते चिकटलं, उजवीकडे दाराच्या खालच्या अंगाला लावलं तर घसरून खाली पडलं. तिथे पत्र्याऐवजी बोटभर पुट्टी भरलेली होती. मालक म्हणाला, मला काही कल्पना नाही, गाडी मेव्हण्याची आहे.

"मेव्हण्याला सांगा, वरचा रंग तरी बऱ्या माणसाकडून करून घ्यायचा," मावशी म्हणाली. "दार एका गावचं नि रंग दुसऱ्या गावचा."

मग पुढची बस येईपर्यंत थांब्यावर बसून तिने भाचीची शिकवणी घेतली. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेलेली होती, आणि रागात तिला नेहमीच जास्त चांगलं शिकवता यायचं. विकणाऱ्यासमोर आवडली म्हणायचं नाही, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं ठेवायचं. ब्रेकच्या पायपट्टीचं रबर बघायचं. ते गुळगुळीत झालेलं असेल आणि किलोमीटरचा काटा सांगत असेल की गाडी फारशी फिरलीच नाही, तर काटा खोटं बोलतोय. पायाखालचा गालिचा उचलून वास घ्यायचा, कुबट आला तर गाडीत पाणी शिरलेलं असतं. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघायचा. गाडी बघायला उन्हात जायचं, आणि खाली वाकून पत्र्याच्या रेषेत नजर लावायची.

"आणि रंग सगळीकडे एक हवा," भाची म्हणाली.

"पत्र्याचा. बंपरचं सोड. बंपर प्लॅस्टिकचा, तो वेगळा रंगवतात. कोऱ्या गाडीचासुद्धा बंपर नीट पाहिलास तर केसभर वेगळा दिसतो. त्याला घाबरून चांगली गाडी सोडशील."

भाचीने मान हलवली. परीक्षेच्या आदल्या दिवशी हलवतात तशी.

चौथी गाडी होती जुन्या गाड्यांच्या एका आवारात. तिथला मालक इतका गोड बोलत होता, की मावशीने पाच मिनिटांत त्याचं नाव गोडबोल्या ठेवून टाकलं. तो म्हणाला, ताई, सावकाश बघा, घाई नाही. मावशीच्या मनात आलं, घाई नाही म्हणणारा माणूस सगळ्यात जास्त घाईत असतो.

गाडी राखाडी-निळी होती, पारव्याच्या मानेसारखी. उन्हात हिरवट, सावलीत जांभळट. कोरडी खडखडीत होती. बॉनेट थंड होतं. पायपट्टीचं रबर आणि काटा यांचं म्हणणं एकच होतं. गालिच्याला वास नव्हता. पट्टे सळसळत बाहेर आले आणि सळसळत आत गेले. गाडीने एकदाही न खोकता आवाज दिला. मावशीने गोडबोल्याला उलटसुलट विचारून भंडावलं, टायरवरच्या तारखा वाचायला लावल्या, "तुमच्यासारखे लोक" असं तीनदा म्हटलं, आणि तो बिचारा प्रत्येक वेळी "बरोबर आहे ताई" एवढंच म्हणाला.

मग मावशी वाकली. गुडघे कुरकुरले तरी वाकली, आणि पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत नजर लावून तिने पत्रा पाहिला. एकसंध. कुठे ढग नाही, कुठे लाट नाही, कुठे अर्ध्या छटेचाही फरक नाही. असा रंग तिने कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. तिने पिशवीतून लोहचुंबक काढलं, हातात घोळवलं आणि परत ठेवून दिलं.

"याला नको," ती भाचीच्या कानात म्हणाली. "हा कारखान्यातला रंग आहे. कुणी हात लावलेला नाही."

भाचीचा चेहरा असा उजळला, की एरंडेलाची शिकवणी पाण्यात गेली. ती मागच्या सीटवर बसून पाहत होती. खिडकीच्या काचेवर लहान मुलाने चिकटवलेला कागदी मासा होता, नखाने अर्धा खरवडलेला.

"हिच्यात कुणीतरी छोटं बसायचं," ती म्हणाली. "छकुलीला मासा आवडेल. तो राहू दे हं, काढायचा नाही."

गोडबोल्याने कागद आणून बॉनेटवर पसरले. शेजारी एक तरुण जोडपं घुटमळत होतं. त्यातल्या मुलीने विचारलं, "ही गेली का?" गोडबोल्या म्हणाला, "जवळजवळ. ह्या ताईंची सही झाली की गेली. नाही झाली तर तुमची." दोघं थोडी लांब जाऊन उभी राहिली. गाडीचा रंग किती मस्त आहे, असं तो मुलगा म्हणत होता. मावशीला त्याचीही कीव आली. रंगावर भाळणारी सगळी दुनिया.

भाचीने पेन उघडलं. आणि हसत हसत, अगदी सहज, ती म्हणाली, "मावशी, तू शिकवलेलं सगळं जुळलं. एकच नाही जुळलं बघ."

"काय?"

"बंपर केसभर वेगळा असतो म्हणालीस. हिचा तर अगदी सारखा आहे."

मावशीने बंपरकडे पाहिलं. मग वरच्या पत्र्याकडे पाहिलं. परत बंपरकडे पाहिलं. कारखान्यात असा रंग होत नाही. कुठल्याच कारखान्यात होत नाही. प्लॅस्टिक आणि पत्रा एका नजरेने एकत्र जुळवायची खोड जगात किती जणांना असेल कोण जाणे, पण एका बाईला होती हे तिला माहीत होतं.

"ते कागद उचल," ती म्हणाली.

"अगं, सही..."

"उचल म्हणते ना."

तिने स्वतःच कागद बाजूला केले आणि बॉनेट उघडलं. बिजागरीजवळ रबराची पट्टी होती. ती तिने नखाने उचलून मागे ओढली. पट्टीखाली, कुणाला कधी दिसणार नाही अशा जागी, अंगठ्याचे तीन ठसे होते, रंगाचे, एका ओळीत. पहिला काळपट. दुसरा जरा हिरवा. तिसरा इतका जुळलेला, की त्याची फक्त कड दिसत होती.

मावशी रंग असाच जुळवायची. यंत्राच्या पट्ट्यांवर तिचा विश्वास नव्हता. जुन्या रंगावर, लपलेल्या जागी, अंगठ्याने नवा रंग टेकवायचा, वाळू द्यायचा, बघायचा. नाही जमला तर पुन्हा. तिसऱ्या ठशाला मान तिरपी करून जोरात हसायची तिची सवय होती, आणि ह्या ठशाला ती सगळ्यांत जोरात हसली होती. सहा वर्षांपूर्वी.

आता सगळं आठवलं. दोन गाड्या आल्या होत्या. एकीचं तोंड चेंदामेंदा झालं होतं, दुसरीची पाठ. गॅरेजच्या मालकाने दोन्ही मधून कापायला लावल्या आणि चांगले दोन अर्धे जोडून एक गाडी केली. मागच्या दारांपलीकडच्या एका खांबापासून छतावरून दुसऱ्या खांबापर्यंत, आणि खाली मागच्या सीटखालून, असा जोड होता. मागचा अर्धा पांढरा होता. मावशीने तो जोड डोळ्यांनी पाहिला होता, पुट्टीची पांढरी रेघ हाताने घासली होती. तिने विचारलंही होतं, "ही रस्त्यावर जाणार का?" मालक म्हणाला होता, "तुझं काम रंगाचं."

आणि तिने ते मानलं. नुसतं मानलं नाही, पुढे चार लोकांत मिरवलं. कुणी काही विचारलं की म्हणायची, बाबा, माझं काम रंगाचं, पत्र्याचं पत्रेवाल्याला विचार. तीन दिवस खपून तिने तो रंग जुळवला होता, आणि मालकाने सगळ्यांना बोलावून विचारलं होतं, सांगा पाहू जोड कुठे आहे. कुणाला सांगता आलं नव्हतं. त्या संध्याकाळी घरी जाताना तिचे पाय जमिनीवर नव्हते.

"मावशी, काय झालं?" भाची विचारत होती.

मावशीने लोहचुंबक काढून तिच्या हातात दिलं आणि मागच्या दारापलीकडच्या खांबाशी तिला नेलं. "लाव."

भाचीने लावलं. घसरलं. तिने पुन्हा लावलं. ते तिच्या पायाशी पडलं.

"ही दोन गाड्यांची एक केलेली आहे," मावशी म्हणाली. "जोड मागच्या सीटखालून जातो. मागून कुणी धडकलं तर इथून सुटेल. कधी, कशी, ते कुणी सांगू शकत नाही." तिने खांबावर पंजा ठेवला. "रंग मी दिलाय."

भाचीने आधी ऐकलंच नाही. मग तिने ऐकलं. ती काचेवरच्या माशाकडे बघत राहिली.

"म्हणजे छकुलीला आपण या जोडावर बसवणार होतो."

"हो."

"आणि ते दुसरं मूल? सहा वर्षं बसलं असेल ते?"

सकाळपासून मावशीच्या तोंडाचा पट्टा चालू होता, तो पहिल्यांदा थांबला.

थांबला नव्हता तो गोडबोल्याचा. त्याचा गोडवा एव्हाना पार विरघळला होता. "वा ताई, वा," तो म्हणाला. "सकाळपासून मला चोर ठरवताय. तुमच्यासारखे लोक, तुमच्यासारखे लोक. मी ही गाडी कागद बघून घेतली, तपासणी करून घेतली. कुणाच्या बापाला जोड सापडला नाही. सापडेल कसा? तुम्हीच लपवलाय ना?"

खरं बोलत होता मेला. हेच सगळ्यात वाईट होतं. दिवसभर मावशी ज्यांच्या नावाने बोटं मोडत होती, ते ओल्या गाडीवाले, दूधवाले, मेव्हणेवाले, सगळे तिच्यापुढे कच्चे लिंबू होते. त्यांनी ओरखडे लपवले. हिने अख्खी अर्धी गाडी लपवली, आणि वर टाळ्या घेतल्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

"आता हिचं काय करणार तुम्ही?" मावशीने विचारलं.

"जशी घेतली तशी विकणार. मला नुकसान झेपणार नाही. तुम्हाला नको असेल तर नका घेऊ." त्याने कागद गोळा केले आणि जोडप्याकडे वळून आवाज पुन्हा गोड केला. "या, या. तुमचं नशीब चांगलं आहे."

दोघं हसत हसत आली. मुलीने दार उघडलं आणि पहिलं बोट रेडिओच्या बटणावर ठेवलं.

"बाळा, ही घेऊ नका," मावशी म्हणाली.

"ह्यांना गाडी मिळाली नाही ना, म्हणून," गोडबोल्या म्हणाला. मुलगा कसनुसा हसला. त्याला दोघांपैकी कोण खरं हे कळत नव्हतं, आणि रंग तर इतका सुंदर होता. मावशीने त्याच्या डोळ्यांत ते वाचलं. उद्या हा नाही तर परवा दुसरा. प्रत्येकाला आवारात उभं राहून सांगायला ती कुठून येणार होती? आणि तिच्या सांगण्यापेक्षा तिचा रंग जास्त खरा वाटत होता. तो होताच तसा.

तिने पिशवीत हात घातला. पुट्टी खरवडायची तिची जुनी पत्ती तिथे होती, कडेला झिजलेली, लाकडी मुठीची. आज दुसऱ्यांची लबाडी उघडी पाडायला तिने ती बरोबर घेतली होती. ती गुडघे टेकून बसली, पत्ती खांबाला आडवी लावली आणि जोर दिला.

"ए बाई, हात काढा," गोडबोल्या ओरडला. "मी पोलिसांना बोलावीन."

"बोलवा. त्यांना मला सगळंच सांगायचंय. गॅरेज कुठलं, मालक कोण, रंग कुणी दिला. लवकर बोलवा म्हणजे एकदाच सांगता येईल."

त्याने खिशातून फोन काढला, तिच्याकडे पाहिलं, आणि फोन हातात तसाच धरून उभा राहिला. बोलवावं की नाही हे त्यालाच कळेना. पोलीस आले असते तर त्यांनी गाडीही पाहिली असती.

वरचा थर निघाला, पारव्याच्या मानेचा. मग त्याखालचा अस्तराचा राखाडी निघाला. मग पुट्टीचा पांढरा भुगा उडून मावशीच्या बाहीवर बसला. आणि मग खाली जोड दिसला, ओबडधोबड, गाठीगाठींचा, गंजाने तांबूस पडलेला. मुलीने रेडिओवरचं बोट काढून घेतलं. ती उतरून जवळ आली, वाकली, आणि नवऱ्याची बाही ओढून त्याला फाटकाकडे घेऊन गेली.

भाची मात्र तिथेच होती. तिचा आवाज अगदी साधा होता, रुग्णाला औषधाची वेळ विचारतात तसा.

"अशा किती गाड्या केल्यास?"

"जोडाच्या?" मावशी म्हणाली. "मला दाखवून केलेली ही एक. बाकीच्यांचं मी विचारलं नाही. रंग दिला."

"सोमवारी मी तिथे काय सांगू? गाडी कुठे आहे म्हणतील."

"सांग, मिळाली होती. मावशीने घेऊ दिली नाही."

"का, असं विचारतील."

मावशीने बाहीने तोंड पुसलं. पांढरा भुगा गालाला लागला.

"तेही सांग," ती म्हणाली. "माझं नाव घालून सांग."

भाचीने खाली पडलेलं लोहचुंबक उचललं, रुमालात बांधलं आणि मावशीच्या पिशवीत ठेवलं. थांब्यावर जाते, म्हणाली. तू ये मागून, असं काही म्हणाली नाही. मावशी ती फाटकातून बाहेर पडेपर्यंत बघत राहिली. मग गुडघ्यांवर हात ठेवून उठली आणि पत्ती घेऊन गाडीला वळसा घालून पलीकडे गेली. जोड त्याही बाजूला होता.